विद्यापीठात खटका उडाला तर आधी कुणाकडे जायचं? बोलणी, तक्रार समिती आणि लोकपाल

भाचीची मैत्रीण मागच्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती चार पानांचं पत्र घेऊनच. पीएच.डी.चं चौथं वर्ष. कुठल्या विद्यापीठात ते लिहीत नाही, बडोद्यात आणि आसपास आता विद्यापीठं बरीच आहेत. पत्रात तीन गोष्टी होत्या. गाईड पाच महिने झाले तरी तिसरं प्रकरण वाचत नाहीत. ज्या पेपरवर हिचं नाव पहिलं यायला हवं तिथे ते तिसरं लागलंय. आणि हॉस्टेलची खोली सोडून आठ महिने झाले, डिपॉझिट अजून परत नाही. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून सहा जणांची नावं. ‘काकू, उद्या इनवर्डला देते, एकदा नजर घाला.’

तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. तरी मी तिला थांबवलं, कारण तिन्हींना एकच वाट चालत नाही, आणि त्यातली एक वाट तर इनवर्डचा शिक्का पडला की बंद होते.

हे मला अनुभवाने कळलंय. मी स्वतः रिसर्चला होते तेव्हा एका संस्थेत असंच पत्र मी दिलं होतं. समिती बसली, दोन महिन्यांनी माझं म्हणणं बरोबर आहे असं लेखी आलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पण पत्र गेलं त्या आठवड्यापासून लॅबमध्ये माझ्याशी कामापुरतंही कुणी बोलेना. उपकरणाच्या वहीत माझ्या नावापुढची वेळ कुणीतरी खोडलेली असायची. शेवटी मी विषयच बदलला, दीड वर्षाचं काम तिथेच राहिलं. त्या पत्राआधी मी कुणाशीही नीट अर्धा तास बोलले नव्हते, ही गोष्ट मला आजही लागते.

तर आता वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू. आधी ‘लोकपाल’ ह्या शब्दाचा घोळ सोडवते, कारण त्यात भलेभले फसतात.

ज्यांची मुलं एम.एस. करायला अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडच्या ‘ओम्बड्स ऑफिस’बद्दल ऐकलं असेल. मिशिगन स्टेट विद्यापीठात हे कार्यालय १९६७ पासून आहे. तिथे विद्यार्थी आत जातो, दार लागतं, तो बोलतो. इंटरनॅशनल ओम्बड्स असोसिएशनने ह्या कामाची चार तत्त्वं ठरवली आहेत: स्वतंत्र असणं, कुणाचीही बाजू न घेणं, सगळं अनौपचारिक ठेवणं आणि गुप्तता पाळणं. ओम्बड्सकडे निकाल द्यायचा अधिकारच नसतो, तो चौकशी करत नाही, तुमच्या नावाची फाईल उघडत नाही. तुम्ही म्हणालात तर समोरच्याशी बोलतो, दोघांना एकत्र बसवतो. नको म्हणालात तर गोष्ट तिथेच राहते. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच तो गप्प राहत नाही. आणि त्याला सांगितलं म्हणजे विद्यापीठाला कळवलं, असं धरलं जात नाही. हा शेवटचा मुद्दा तिकडे शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा: ओम्बड्सशी बोलत असताना तक्रारीची मुदत मात्र सरकत असते.

आपल्याकडेही यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्रत्येक विद्यापीठाला ओम्बड्सपर्सन, म्हणजे लोकपाल, नेमायला लावलाय. नाव जवळपास तेच आहे, काम मात्र अगदी उलट. २०२३च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे हा लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, दहा वर्षं प्रोफेसर राहिलेले निवृत्त डीन किंवा हेड, नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश. त्यांच्याकडे थेट जाताच येत नाही. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिचं उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील. म्हणजे अमेरिकेतला ओम्बड्स हा पहिला दरवाजा, आपला शेवटचा. ‘लोकपालांना खाजगीत भेटून येते’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे आधी सांगा.

आता ही समिती. अध्यक्ष प्रोफेसर, चार प्रोफेसर किंवा ज्येष्ठ अध्यापक सदस्य, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. त्यात किमान एक महिला आणि एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी वर्गातला असावाच लागतो. तक्रार संस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, संस्थेने ती १५ दिवसांत समितीकडे पाठवायची, समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा आपल्या वतीने कुणाला पाठवता येतं. प्रवेश घेतलेला नसला तरी प्रवेश मागणारा विद्यार्थीही तक्रार करू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. लोकपालांनी अपील ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं नियम म्हणतो. सगळं वेळेवर झालं आणि प्रकरण शेवटपर्यंत गेलं, तर कागदोपत्रीच अडीच-पावणेतीन महिने धरा.

समितीची ताकद कुठे आहे? जिथे नियम तुमच्या बाजूने लिहिलेला आहे तिथे. मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवलंय, फी परत देत नाहीत, स्कॉलरशिप लटकलीय, परीक्षा किंवा रिझल्ट लांबवलाय. अशा प्रकरणात मी एक दिवसही गोड बोलण्यात घालवणार नाही. डिपॉझिट परत मागायला कुणाचं मन वळवायचं? पावती जोडा, पोर्टलवर टाका, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. इथे गुप्ततेचीही गरज नसते. हॉस्टेलच्या क्लार्कला तुमचं नाव कळलं तर काय बिघडलं?

समिती कमी कुठे पडते? जिथे उद्या परत त्याच माणसासमोर बसायचंय तिथे. तुमची तक्रार नावानिशी असते, विभागाकडून खुलासा मागवला जातो, आणि खुलासा लिहिणारे बहुतेकदा तेच सर असतात. फाईल चार टेबलांवरून जाते. समिती शिफारस करू शकते, पण तुमचं प्रकरण मन लावून वाचा असा आदेश देऊन कुणी वाचतं का? पेपरवर कुणाचं नाव आधी, हा वाद तर समितीपुढे गेला की दोन्हीकडून जुने ईमेल निघतात आणि चार वर्षांचं नातं पुराव्याची थप्पी होऊन बसतं.

गुणांचं वेगळं आहे. फेरतपासणी करून द्या म्हणून लोकपालांकडे जाता येत नाही. गुणांवर खरोखर परिणाम करणारी ठरावीक गफलत किंवा भेदभावाचा ठरावीक प्रसंग दाखवावा लागतो. त्यामुळे आधी माहिती अधिकारात आपली उत्तरपत्रिका बघून घ्या. परीक्षार्थीचा तो हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. पानं तपासायची राहून गेली असतील तर तोच तुमचा मुद्दा झाला.

राहिली बोलण्याची वाट. आपल्याकडे दार लावून ऐकणारं वेगळं कार्यालय सहसा नसतं, म्हणून तो माणूस आपणच शोधावा लागतो. कुणाकडे जावं? हेड जवळचा वाटतो, पण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गाईडच्या सहीने टाइमटेबल लावायचं असतं. संस्थेचा काउन्सेलर असेल तर मन मोकळं करायला उत्तम, गुप्तता तो बाकीच्यांपेक्षा जास्त पाळेल, पण गाईडला फोन करून ‘जरा बसू या’ म्हणण्याचा त्याला वकूब नसतो. माझ्या मते सगळ्यात चांगला माणूस म्हणजे त्याच फॅकल्टीतल्या, पण दुसऱ्या विभागातल्या, निवृत्तीच्या जवळ आलेल्या मॅडम किंवा सर, ज्यांना कुणाकडून काही मिळवायचं उरलेलं नाही आणि ज्यांचा शब्द तुमचे गाईड मोडत नाहीत.

ओळख काढू नका, हे मी बडोदेकर म्हणून कळकळीने सांगते. आपल्या आईला वाटतं, रावपुऱ्यातल्या अमक्यांची सून तुझ्या सरांच्या बायकोबरोबर भजनाला जाते, तिच्याकरवी सांगू. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मांडवीपर्यंत पोचते, आणि सरांना ती तुमच्याऐवजी भजनी मंडळाकडून कळते. पूर्वी इथे सिनेट मेंबरला, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेतल्या कुणाला तरी, गाठायचीही पद्धत होती. २०२३च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठासकट राज्याच्या विद्यापीठांत सिनेट-सिंडिकेट जाऊन बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलंय. ती वाटही आता उरली नाही.

बोलायला बसलात की पहिल्या दोन मिनिटांत विचारा, ‘मॅडम, हे आपल्यातच राहील का? की ह्यातलं काही तुम्हाला पुढे कळवावंच लागेल?’ त्यांनी उत्तर दिल्याशिवाय नावं घेऊ नका. इथे तुमची गुप्तता कुठल्या नियमाने बांधलेली नाही, ती त्या माणसाच्या सचोटीवर उभी आहे, म्हणून आधी विचारणं हेच तुमचं संरक्षण. चार पानी पत्र नेऊ नका. अर्ध्या कागदावर तारखा न्या: प्रकरण कधी दिलं, आठवण कधी केली, काय उत्तर आलं. मोबाईलवर रेकॉर्डिंग तर मुळीच नको. ते बाहेर आलं की पुढे कुणी तुमच्याशी मोकळं बोलणार नाही. आणि बैठक झाली की गाईडना दोन ओळींचा साधा ईमेल टाका: ‘सर, काल ठरल्याप्रमाणे सुधारलेलं प्रकरण १५ तारखेला देते. आपण महिनाभरात पाहाल असं म्हणालात, आभारी आहे.’ आरोपाचा एक शब्द नाही, पण ठरलेलं लेखी राहिलं.

रिसर्चच्या मुलांसाठी ह्या दोन्हींच्या मधे एक जागा आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. यूजीसीच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे दर सेमिस्टरला काम मांडावं लागतं. तिथे स्लाइडवर ‘प्रकरण ३: अमुक तारखेला सादर, अभिप्राय बाकी’ एवढीच ओळ टाकली तरी पुरते. तक्रार न करता गोष्ट चार जणांसमोर येते आणि नोंदही राहते.

आता जिथे ही सगळी तुलना मी बाजूला ठेवते ते सांगते. लैंगिक छळ असेल तर ‘आधी बोलून बघ’ हा सल्ला कुणी देऊ नये आणि कुणी ऐकू नये. २०१३च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली संस्थेच्या अंतर्गत समितीकडे प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी आणि नावं बाहेर फोडायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे इथली गुप्तता कुणाच्या भलेपणावर सोडलेली नाही. त्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण तो तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. समेट झाला की पुढे चौकशी होत नाही, तेव्हा कुणी ‘मिटवून टाक, तुझंच नाव खराब होईल’ म्हणायला लागलं की सावध व्हा. रॅगिंगला १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास आहे, नाव न सांगताही बोलता येतं. जातीवरून होणारा अपमानही गप्पागोष्टींनी मिटवायचा विषय नव्हे.

अहमदाबादला हायकोर्टात जायचा विचार असेल तर आधी समिती आणि लोकपाल हे दोन्ही टप्पे झालेले असणं चांगलं. तिथे पहिला प्रश्न बहुधा तोच येतो.

उरलेल्या सगळ्या बाबतीत मी एकच गोष्ट विचारते, आणि ती त्या मुलीलाही विचारली: हे निस्तरल्यावर तुला ह्याच लॅबमध्ये राहायचंय का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘राहायचंय काकू. विषय माझाच आहे.’ उत्तर ‘नाही’ असतं, दुसरा गाईड बघून ठेवलेला असता, तर ते पत्र मी स्वतः नीट करून दिलं असतं.

मी तिला एक तारीखही ठरवायला लावली. बोलण्याला वेळ द्यावा, पण मोजून. नाहीतर आजउद्या करत वर्ष जातं. तिने कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या सोमवारावर खूण केली. त्या दिवसापर्यंत प्रकरण वाचून झालं नाही तर समितीकडे जायचं, आणि तेव्हा अर्ध्या कागदावरच्या तारखा तयार असतीलच.

डिपॉझिटची तक्रार तिने त्याच संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पोर्टलवर टाकली. पावतीचा फोटो नीट येईना, म्हणून मी वरून टॉर्च धरला. गाईडच्या बाबतीत ती पुढच्या मंगळवारी शेजारच्या विभागातल्या एका मॅडमना भेटली. चाळीस मिनिटं. मॅडमनी सगळं ऐकून विचारलं, ‘मी बोलू, की तू बोलशील आणि मी तिथे असू?’ तिने दुसरं निवडलं. बैठक ह्या शुक्रवारी आहे. पेपरवरच्या नावाचं तिथे काढायचं नाही, आधी प्रकरण वाचून होऊ दे, असं दोघींनी ठरवलंय. चार पानांचं पत्र अजून माझ्या कपाटात आहे, तिनेच ठेवायला दिलंय.