खडकाळ किनाऱ्यावरचे काइटबोर्डिंग: पायांत काय घालावे?

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ. खडकाळ किनाऱ्यावर तो खेळणाऱ्याचे पाय सर्वांत जास्त दुखावतात ते पाण्यात उतरताना आणि पाण्याबाहेर येताना. त्या वेळी काइट डोक्यावर असतो, नजर त्याच्यावर खिळलेली असते, एक हात बारवर (काइट वळवण्याच्या दांड्यावर) आणि दुसऱ्या हातात बोर्ड असतो, त्यामुळे पाऊल कुठे पडते आहे हे पाहण्याची सवड नसते. त्यातच काइटची ओढ वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर बदलते. एका क्षणी शरीर निम्मे उचलले जाते आणि दुसऱ्याच क्षणी सगळा भार एका टाचेवर येऊन आदळतो. सावकाश चालताना जे कालव नुसते टोचले असते, ते अशा वेळी तळव्यात खोलवर शिरते. हे पाहता सोल जितका जाड तितका बरा असे वाटेल, पण हाच पाय पुढे बोर्डावरच्या स्ट्रॅपमध्ये (पाऊल अडकवण्याच्या पट्ट्यात) बसायचा असतो आणि पडताना त्यातून विनासायास सुटायचा असतो. दोन्ही गरजा एकाच जोडीत भागत नसतील, तर स्ट्रॅपमधून सुटण्याला अग्रक्रम द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तळव्याची जखम बहुधा काही दिवसांत भरते; स्ट्रॅपमध्ये अडकलेला पाय बोर्डाबरोबर पिळला गेला, तर घोट्याचे किंवा गुडघ्याचे अस्थिबंध दुखावतात आणि त्यांना बरे व्हायला कित्येक महिने लागू शकतात.

निओप्रीनचे रीफ बूट: आखूड की उंच

बहुतेकांची निवड अखेरीस निओप्रीनच्या (मऊ, फेसाळ कृत्रिम रबराच्या) रीफ बुटांवर, म्हणजे खडकांवर वापरायच्या पाण्यातल्या बुटांवर, येऊन ठरते आणि ती योग्यही आहे. त्यांचा वरचा भाग साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाडीचा, लवचिक आणि पायाला चिकटून बसणारा असतो, तर खाली रबराचा सलग सोल असतो. घोट्याखाली संपणारा आखूड बूट स्ट्रॅपमध्ये सहज जातो, चटकन निघतो आणि घोटा मोकळा ठेवतो. गुडघाभर पाण्यातल्या थोड्या खडकांवरून जायचे असेल तर तो पुरेसा आहे. मात्र चिखलात तो पायातून ओढला जातो आणि वरच्या कडेतून वाळू व बारीक शिंपल्यांचे तुकडे आत शिरतात. घोटा झाकणारा उंच बूट या दोन्ही बाबतींत सरस ठरतो, शिवाय खडकांच्या फटीत पाय घसरला तर घोट्याची साल जाण्यापासून वाचवतो. त्याची मुख्य अडचण घालण्या-काढण्याची आहे; झिप किंवा पट्टा नसलेला घट्ट उंच बूट ओल्या पायावर चढवताना शिवणींवर ताण येतो आणि त्या लवकर उसवतात. पाणी थंड असेल तर 5 मिलिमीटर जाडीचा उंच बूट घ्यावा लागतो, पण त्यासाठी स्ट्रॅप सैल करणे अपरिहार्य होते.

सोलची जाडी आणि त्याचा आकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 3 ते 4 मिलिमीटरचा, वाकणारा आणि जवळपास सपाट सोल कालवांच्या धारांपासून बऱ्यापैकी वाचवतो व बोर्डाचा स्पर्शही जाणवू देतो. खोल खाचांचा किंवा बाहेर आलेल्या दातांचा सोल कोरड्या दगडावर छान पकड देतो, पण हेच दात स्ट्रॅपच्या कडेला आणि बोर्डाच्या पॅडला अडकतात. शेवाळलेल्या खडकावर मात्र कोणत्याही रबरावर पूर्ण विसंबता येत नाही. तिथे पावले छोटी टाकणे आणि काइट स्थिर ठेवणे हाच उपाय आहे.

अंगठा वेगळा असणारे बूट आणि सलग पुढच्या भागाचे बूट यांत मी पहिल्या प्रकाराला पसंती देईन, कारण अंगठा वेगळा राहिल्याने पाय बुटाच्या आत सरकत नाही. ही फट बाहेरून दिसणारी असेल तर तिच्यात शेवाळाचे धागे आणि लीश (सुरक्षेसाठी बांधलेली दोरी) अडकू शकतात. फक्त आतून विभागलेला बूट ही उणीव टाळतो.

इतर पर्याय

जाळीदार कापडाचे पाण्यातले बूट हलके असतात, लवकर वाळतात आणि किनाऱ्यावर चालायला सुखद असतात. स्ट्रॅपमध्ये मात्र त्यांचे टाचेचे कडक आवरण आणि रुंद सोल आड येतात, आणि जाळीतून सागरी अर्चिनचे (काटेरी चेंडूसारख्या सागरी प्राण्याचे) काटे सहज आत जातात. पट्ट्यांच्या सँडल आणि धावण्याचे बूट यांचा विचार करू नये. सँडलचा पट्टा स्ट्रॅपमध्ये गुंततो आणि धावण्याचा बूट पाण्याने भरून जड होतो.

बोर्डावर कायमचे बसवलेले बाइंडिंगचे बूट वापरणाऱ्यांची अडचण निराळी आहे. ते बूट चालण्यासाठी नसल्याने खडकांवरून पाण्यात जाताना पाय उघडेच राहतात. अशा वेळी पातळ सोलचे निओप्रीन मोजे आत मावतात का, हे किनाऱ्यावर कोरड्यात तपासून घ्यावे. मावत नसतील, तर त्या जागी स्ट्रॅपचा बोर्ड वापरणे शहाणपणाचे.

स्ट्रॅपविना सर्फबोर्डवर उभे राहणाऱ्यांना पाय सुटण्याची चिंता नसते, पण तळव्याची जाण त्यांना सर्वाधिक लागते. त्यांनी 1 ते 2 मिलिमीटरच्या पातळ बुटापासून सुरुवात करावी. फॉइल, म्हणजे बोर्डाखाली पाण्यात राहणारे पंख, वापरणाऱ्याला ते पंख तळाला न लागण्याइतक्या खोल पाण्यापर्यंत चालत जावे लागते आणि पंखांच्या कडाही धारदार असतात, म्हणून त्याला बोटे व घोटा झाकणारा बूट अधिक उपयोगी पडतो.

माप आणि स्ट्रॅपची चाचणी

निओप्रीन ओले झाल्यावर आणि काही वापरांनंतर थोडे सैल होते, म्हणून नवा बूट हातमोज्यासारखा घट्ट असावा: बोटे पुढच्या टोकाला हलकेच टेकावीत, पण दुमडू नयेत. सैल बुटात पाणी साठते आणि पाय उचलताना ते वजन जाणवते. खरी चाचणी स्ट्रॅपमध्ये होते. बूट भिजवून घालावा, स्ट्रॅपमध्ये पाय सरकवावा आणि टाच उचलून पाय मागे ओढावा. हाताची मदत न घेता तो एका झटक्यात निघाला पाहिजे. स्ट्रॅप पावलाच्या वरच्या उंचवट्यावर असावा, घोट्याला भिडलेला नसावा. अनवाणी पायासाठी लावलेला स्ट्रॅप बुटासाठी चालत नाही, आणि उलटही, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्याने दर वेळी तो नव्याने लावावा.

बुटांच्या मर्यादा

सागरी अर्चिनचे काटे ठिसूळ असतात आणि शरीरात तुटून राहतात. चांगला सोल त्यांतले बरेच अडवतो. स्टोनफिश या दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाचे काटे मात्र पातळ सोल भेदू शकतात आणि पाकट शेपटीचा काटा घोट्याजवळ मारतो, जिथे निओप्रीनचा फारसा उपयोग नसतो. वाळू आणि खडक मिसळलेल्या उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चालावे, म्हणजे पाकट आधीच दूर जाते. अशा विषारी काट्याचा दंश झाल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत, बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पाण्याची उष्णता न दुखावलेल्या हाताने आधी तपासावी आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जावे. प्रवाळाने कापलेली जखम वरवरची दिसली तरी लगेच स्वच्छ धुवावी, कारण तिच्यात बारीक कण राहून ती चिघळते. पायांत बूट आहेत म्हणून जिवंत प्रवाळावर उभे राहणे मात्र मुळीच समर्थनीय नाही. एका पावलाने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात.

वापरानंतर बूट गोड्या पाण्यात आतून-बाहेरून धुवावेत आणि सावलीत उलटे टांगून वाळवावेत, कारण उन्हाने निओप्रीन कडक होते आणि चिकटवलेले जोड सुटतात. सोल दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. चवड्याखाली बारीक भेगा दिसल्या किंवा कडेला नख आत जाऊ लागले, तर ती जोडी वाळूच्या किनाऱ्यासाठी ठेवावी आणि खडकांवर नवी न्यावी.