कोडिंग स्पर्धेची जाहिरात: लॅबमध्ये जाऊन, व्हॉट्सॲपवर, पोस्टरवर की अनस्टॉपवर?

हाताशी दोन आठवडे आणि चार-पाच पोरं असतील तर सगळंच थोडं थोडं करून काही साधत नाही. आधी ठरवा, आपल्याच विभागातले एसई-टीई (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे) हवेत की बाहेरच्या टीम.

आपल्याच पोरांसाठी प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये जाऊन सांगण्याला तोड नाही. वीसेक जण, प्रत्येकासमोर कॉम्प्युटर, फॉर्म तिथल्या तिथे भरून होतो. लेक्चरची शेवटची पाच मिनिटं मागाल तर निम्मा वर्ग बॅग भरत असतो. त्यापेक्षा प्रॅक्टिकलची हजेरी झाली की दोन मिनिटं घ्या, सरांना आदल्या दिवशीच विचारून. बोलायला वर्गातल्या टॉपरला पाठवू नका, बाकीचे तिथेच माघार घेतात. फळ्यावर एक सोपा प्रश्न लिहा, उदाहरणार्थ ॲरेमधली दुसरी सर्वांत मोठी संख्या शोधा. ‘एवढं तर येतं’ असं वाटलं की नाव येतं. तोटा एकच: प्रत्येक बॅचची वेळ वेगळी, त्यामुळे आठवडाभर टाइमटेबल हातात घेऊन हिंडावं लागतं.

व्हॉट्सॲप झटपट, पण मेसेज तासाभरात असाइनमेंटच्या पीडीएफखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टचा भरवसा धरू नका: एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत मेसेज जातच नाही. सीआरकडून, म्हणजे वर्गप्रतिनिधीकडून, वर्गाच्या ग्रुपवर टाकून घ्या. पोस्टरच्या चित्रातल्या लिंकवर बोट दाबून काही उघडत नाही, म्हणून तारीख, वेळ, लॅब नंबर, फी आणि लिंक मजकुरातच हवी. नवी नावं मिळवण्यापेक्षा आदल्या संध्याकाळच्या आठवणीसाठी हे माध्यम जास्त कामाचं.

पोस्टर ए-थ्री आकाराचं, कँटीन आणि पार्किंगपाशी. क्यूआर जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा मोठा ठेवा. एक मीटरसाठी १० सेंटिमीटर. भोवतीची पांढरी पट्टी डिझाइनच्या नादात कापू नका. फुकटच्या साइटवरचा ‘डायनॅमिक’ क्यूआर (त्या साइटमार्गे लिंक उघडणारा) तर टाळाच. फुकट वापराची मुदत संपली की तो बंद पडू शकतो, आणि भिंतीवरचे सगळे कागद वाया.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक चालत नाही, स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावावा लागतो. रीलला लाइक भरपूर येतात, नोंदणी फारशी नाही.

बाहेरच्या टीम हव्या असतील तर स्पर्धांची नोंदणी घेणारी साइट अनस्टॉप (पूर्वीचं डेअर टू कम्पीट), आणि हॅकेथॉन (ठरलेल्या वेळात टीमने प्रोजेक्ट बनवायची स्पर्धा) असेल तर तशीच साइट डेवफोलिओ. इथे आकडा फुगतो, कारण नोंदवायला काही लागत नाही. नागपूरचा विद्यार्थी पुण्यातल्या स्पर्धेला सहज नाव देतो, येतोच असं नाही. त्या आकड्यावर जेवणाची ऑर्डर देऊ नका. आधी हॅकररँक या कोडिंगच्या साइटवर ऑनलाइन फेरी घ्या, निवडलेल्यांनाच बोलवा. तीन तासांच्या विभागीय स्पर्धेसाठी हा खटाटोप नकोच.

मार्ग कुठलाही असो, गूगल फॉर्म कॉलेजच्या खात्यावरून केला असेल तर तो संस्थेपुरताच मर्यादित राहू शकतो आणि बाहेरच्यांना ‘परवानगी नाही’ असं दिसतं. सेटिंग बदला, मग इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी विंडोत, लॉगिन न करता) स्वतः भरून पाहा.

केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची कॉलेजफेरी असेल तर अडतं ते टीमपाशी: सहा जण, त्यात किमान एक मुलगी. तिथे पोस्टरवर बक्षिसापेक्षा मोठ्या अक्षरात लिहा, ‘एकटे असाल तरी या, टीम जुळवून देऊ.’