जुन्या सीजे-३बी जीपमध्ये बोलेरोचं डीआय इंजिन: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या कामाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. काम एक नंबर झालंय, वेळ फार लागला, वायरिंग मला पटलेलं नाही, आणि तुमच्या जीपमध्ये ओरिजनल हरिकेन पेट्रोल इंजिन अजून जिवंत असेल तर हे वाचून कुणाकडेही जाऊ नका, आहे तेच इंजिन बांधून घ्या.

गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, ८० इंच व्हीलबेसची, आखूड. उंच बॉनेटवाली, लांबूनच ओळखू येते. ते बॉनेट उंच का, तर विलीजने १९५३ मध्ये आत जे हरिकेन इंजिन घातलं त्यात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. २१९९ सीसी, चार सिलिंडर. आमच्या गाडीतलं ते इंजिन मात्र मी कधी बघितलंच नाही. थोरल्या चुलत्यांनी वडापाच्या (सीटवर प्रवासी भरून नेण्याच्या धंद्याच्या) जमान्यात ते काढून प्यूजोचं २११२ सीसी डिझेल बसवून घेतलं होतं, महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये यायचं तेच, इगतपुरीला बनायचं ते. तेव्हा सगळेच तसं करायचे, पेट्रोलवर वडाप परवडतच नव्हतं. आरसीवर डिझेलची नोंद तेव्हाच झालेली आहे, हे महत्त्वाचं, पुढे त्यावर येतो.

प्यूजो वाईट इंजिन नाही. पण आमचं पार थकलं होतं, थंडीत हीटर देऊन देऊन बॅटरी बसायची, आणि शेताकडच्या पाणंदीत पावसाळ्यात उसाच्या ट्रॉलीने पाडलेल्या चाकोरीत शिरलं की क्लच जाळल्याशिवाय गाडी निघायची नाही. त्यात गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं. दुसऱ्या गिअरमधून गाडी आपोआप न्यूट्रलला यायची, इनपुट शाफ्टचं बेअरिंग वारंवार जायचं. दोनतीन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स खोलून नवीन गिअर टाकले, पैसे घेतले, थोड्या दिवसांनी परत तेच.

इथे या मिस्त्रींचा पहिला मार्क. त्यांनी गिअरबॉक्स खोललाच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जुन्या काळी बसवलेली जाड लोखंडी ॲडाप्टर प्लेट असते, कारण प्यूजोचा बेल हाउसिंग (क्लचवरचं झाकण, ज्याला गिअरबॉक्स जोडतात) आणि विलीजचा टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्स एकमेकांसाठी बनलेलेच नाहीत. मिस्त्रींनी फ्लायव्हीलवर डायल गेज लावलं, बेल हाउसिंगच्या भोकात सुई टेकवली आणि हाताने इंजिन हळूहळू फिरवायला लावलं. मी बाजूलाच उभा होतो. सुई एका बाजूला सरकत गेली ती गेलीच, मग परत आली. म्हणजे गिअरबॉक्सचं सेंटर आणि क्रँकचं सेंटर एका रेषेत नव्हतं, आणि इतकी वर्षं इनपुट शाफ्ट वाकडा ओढला जात फिरत होता. बेअरिंग टिकणार कुठून आणि गिअर धरणार कुठून? दुसऱ्या गिअरला टी-९० सुटतो ही तक्रार तशी जुनी आहे, पण आमच्या केसमध्ये मूळ रोग प्लेटमध्ये होता. रनआउट, म्हणजे सुईची ही सरक, पाच थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाला थाउ म्हणतात) आत आला पाहिजे, तो आमचा त्याच्या कितीतरी पलीकडे. इतक्या जणांनी गाडीला हात लावला पण हे मोजून कुणीच बघितलं नव्हतं.

नवीन इंजिन कुठलं यावर आमची बरीच चर्चा झाली. माझ्या डोक्यात सीआरडीई (कंप्युटरवर चालणारं कॉमन रेल डिझेल) होतं, पहिल्या थारमधलं, १०५ हॉर्सपॉवरचं. मिस्त्री स्पष्ट नाही म्हणाले. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "इंजिन काय, कुठलंबी बसतंय. थांबणार कसं आणि वळणार कसं ते आधी बोला." शिवाय सीआरडीईला इसीयू (इंजिनाचा कंप्युटर), सेन्सर, सगळं वायरिंग आलं, आणि आमच्या गावात बिघडलं तर स्कॅनर घेऊन कोण येणार? म्हणून ठरलं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो, बोलेरोवालं २५२३ सीसी. यात कंप्युटर नाही, मेकॅनिकल पंप, आणि पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो कारण या इंजिनाच्या बोलेरो आणि पिकअप गल्लोगल्ली आहेत. इंजिन सेकंडहँड घेतलं, पण बिल आणि मूळ गाडीची कागदं बघितल्याशिवाय मिस्त्रींनी ते गॅरेजमध्ये उतरवून घेतलं नाही. हाही एक मार्क.

आता आकड्यांचं. प्यूजो ६२ हॉर्सपॉवर, डीआय टर्बो ६३. म्हणजे कागदावर बघितलं तर एवढा खटाटोप एका हॉर्सपॉवरसाठी! पण पाणंदीत हॉर्सपॉवर कामाला येत नाही, खालचा ओढा येतो. डीआयचा १८० न्यूटन मीटर टॉर्क १५०० आरपीएमच्या आसपासच मिळतो. लो रेंजमध्ये (फोर व्हीलचा हळू पण जास्त ओढीचा गिअर) पहिल्या गिअरला आमच्या गाडीचं एकूण रिडक्शन साधारण ३७ ला १ आहे (टी-९०चा पहिला २.८, ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लो २.४६, ॲक्सल ५.३८, गुणून बघा). त्यामुळे आता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून नुसत्या आयडलवर गाडी चिखलातून चालत जाते, जुवाला बांधलेला बैल जसा न झटकता ओढतो तशी. क्लचला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच पडत नाही. ज्या चाकोरीत आधी ट्रॅक्टर बोलवायला लागायचा तिथून मी या पावसाळ्यात खतांची पोती घेऊन वर गेलोय. याच्यासाठीच सगळं केलं होतं आणि ते शंभर टक्के मिळालं.

मात्र हायवेचं ऐका, कारण हे कुणी आधी सांगत नाही. इंजिन मोठं केलं की गाडी जोरात पळणार असं सगळ्यांना वाटतं. डीआय जास्तीत जास्त पॉवर ३२०० आरपीएमला देतं, प्यूजो त्याच्या बरंच वर फिरायचं. ॲक्सल तोच ५.३८, टॉप गिअर डायरेक्ट, टायर ६.००-१६. हिशोब केला तर ३००० आरपीएमला ताशी ७५ च्या आसपास. म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेवर आमची गाडी आधीपेक्षा स्लो झालीय. ६०-६५ ला मस्त जाते, त्याच्यावर आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. पाच गिअरचा बॉक्स का नाही टाकला, असं लोक विचारतात. ८० इंचाच्या गाडीत लांब गिअरबॉक्स टाकला की ट्रान्स्फर केस मागे सरकते आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो, त्याचा अँगल वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट खात बसतो. मिस्त्रींनी खडूने जमिनीवर आखून दाखवलं, मला लगेच पटलं. अमेरिकेत या डॅना १८ ट्रान्स्फर केसच्या मागे बसणारं वॉर्न किंवा सॅटर्नचं ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) मिळतं, तो याच्यावरचा खरा इलाज, पण मागवायचं म्हणजे खर्च इंजिनाच्या बरोबरीने जाईल.

बसवण्याचं काम कसं केलं ते सांगतो. ॲडाप्टर प्लेट नवीन केली, उद्यमनगरातच टर्नरकडे. आमच्या कोल्हापूरचं हे बरंय, फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग, रेडिएटरवाला सगळे एका हाकेच्या अंतरावर, प्लेट हातात घेऊन मिस्त्री तीनदा टर्नरकडे चालत गेले आणि सेंटर जुळल्यावरच डॉवेल पिना मारल्या. बोल्ट नुसते आवळण्यासाठी असतात, प्लेट जागेवर धरतात त्या डॉवेल पिना, हे त्यांचं म्हणणं आणि मला वाटतं जुन्या प्लेटला नेमक्या त्याच नव्हत्या. क्लच प्लेट बाहेरून डीआयच्या मापाची आणि मधला हब टी-९०च्या दहा स्प्लाइनचा, रिव्हेट मारून घेतलेली. स्पिगॉट बेअरिंगसाठी (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरतं ते) वेगळा बुश टर्न केला. ही सगळी कामं गाडीखाली दडलेली, बाहेरून काहीच दिसत नाही, बिलात पण एकेक ओळ, पण हीच खरी कामं आहेत.

संप, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, पुढच्या डिफरन्शियलला लागत होता. उभ्या गाडीत बोटभर गॅप दिसायचा, म्हणून दुसरा कुणी असता तर तिथेच सोडलं असतं. मिस्त्रींनी पुढचा ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे खड्ड्यात जास्तीत जास्त जाईल तिथपर्यंत, वर उचलून बघितला, तेव्हा टेकला. मग संप कापून, खोली कमी करून, मागे रुंद करून वेल्ड केला आणि ऑइल पिकअपचा पाईप त्याप्रमाणे फिरवला. पुढच्या पाट्यांमध्ये एक जादा पान टाकलं कारण वजन वाढलं.

ब्रेकचं काम त्यांनी इंजिन उतरवायच्या आधी केलं. मूळ गाडीला नऊ इंची ड्रम, एकच सर्किट, बूस्टर नाही, कुठे एक पाईप फुटला तर चारी चाकं मोकळी. आता मोठे ड्रम, टँडम मास्टर सिलिंडर (दोन वेगळी सर्किट) आणि व्हॅक्यूम बूस्टर. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखं मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम मिळत नाही, पण डीआयच्या अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो, तो इथे कामाला आला. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात चार माणसं बसवून उतरून बघितलं, पेडल शेवटपर्यंत कडक राहिलं. जुन्या गाडीने तो घाट उतरताना घरचे जीव मुठीत धरून बसायचे.

कूलिंगही चांगलं. रेडिएटर चार रोचा बांधून घेतला, फॅनभोवती पत्र्याचं श्राउड केलं. भर मे महिन्यात लो रेंजला बराच वेळ चालवूनही काटा मध्यावरच.

आता नावडलेलं. वायरिंग. काळी टेप गुंडाळून गुंडाळून नेलंय, फ्यूज बॉक्स पॅसेंजरच्या पायाशी, पाऊस आला की पाणी तिथेच. हेडलाइटला रिले नव्हते, मी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून टाकून घेतले. इंजिन बंद करायला केबल ओढायची ठेवलीय, किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही, घरच्यांना हे रोज सांगायला लागतं. सोलेनॉइड टाकता आला असता. टाकी ड्रायव्हरच्या सीटखालची जुनीच ठेवली, आतून साफ केली, रिटर्न लाईन टाकली, पण कॅपमधून डिझेलचा वास येत होता, ते परत जाऊन नीट करून घेतलं, त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत. आवाज आणि थरथर प्यूजोपेक्षा जास्त, डायरेक्ट इंजेक्शनचा खडखडाट असतोच, त्यात इंजिन माउंट जरा कडक रबराचे निवडलेत असं मला वाटतं. आयडलला आरसे इतके हलतात की मागची गाडी कुठली ते कळत नाही.

आणि वेळ. दसऱ्याला देतो म्हणाले, गाडी मिळाली गुढीपाडव्याला. मध्ये फोन उचलायचे नाहीत. माणूस फसवणारा नाही, एकटाच हाताने करतो आणि दुसऱ्याच्या हाताचं काम त्याला चालत नाही, पण ज्याला गाडी रोज लागते त्याने दुसरी सोय करूनच गाडी सोडावी. खर्च इंजिन, ब्रेक, रेडिएटर धरून सव्वादोन लाखांच्या आसपास. मायलेज लिटरला बारा-तेरा.

कागदांचं नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, म्हणून इंजिन बदलायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, लेखी घ्या, नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या, विमा कंपनीला कळवा. आमचं इंधन आधीपासून डिझेल होतं म्हणून एक अडथळा कमी. आणि २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. आमच्या गाडीचा तो मान चुलत्यांच्या वेळीच गेला होता, त्यामुळे मी गमावलं काही नाही. तुमच्याकडे मूळ इंजिन असेल तर तुम्ही गमावाल, आणि ते परत मिळत नाही. हरिकेनचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून शोधले तर सापडतात, हेच मिस्त्री ते इंजिनही बांधतात आणि मला विचाराल तर त्यांचा हात त्यात जास्त रमतो.

गॅरेजचं नाव इथे देत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, हातात आधीच दोन जीप आणि एक जोंगा (लष्करातली जुनी गाडी) उभी आहे. उद्यमनगरात जाऊन कुठल्याही टर्नरला जुन्या जीपवाले मिस्त्री विचारा, रस्ता दाखवतील. जाताना गाडी घेऊन जा, फोटो नको, फोटोवरून ते काही सांगत नाहीत. आणि वायरिंग स्वतंत्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं आधीच ठरवून ठेवा, मिस्त्रींना त्याचा राग येत नाही.