हिंगण्याच्या शिवणशेडमधला डक्ट कूलर : दोन उन्हाळ्यांनंतर

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत आमचा शालेय गणवेश शिवण्याचा लहान कारखाना आहे. ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी ५ मीटर उंच अशा पत्र्याच्या शेडमध्ये सत्तर जण काम करतात. गणवेशांचा हंगाम एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा असल्यामुळे वर्षातले सर्वांत जास्त काम नेमके सर्वांत कडक उन्हात उरकावे लागते. दुपारी दोन वाजता, शिवणयंत्राच्या उंचीवर, ४२ अंश तापमान मी स्वतः मोजले आहे. त्या उकाड्यात आठ तास मान खाली घालून शिलाई मारणाऱ्या बायकांना अधूनमधून चक्कर येत असे, आणि ते पाहूनही काही न करणे मला शक्य नव्हते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १३ मध्ये कामगारांना खेळती हवा आणि सुसह्य तापमान मिळावे असे म्हटले होते. पण पत्र्याच्या शेडमध्ये नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत ते साधायचे कसे, हा प्रश्न मालकानेच सोडवायचा असतो.

एअर कंडिशनिंगची चौकशी आम्ही आधी केली होती. शेडसाठी ६० टनांचा (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) प्रस्ताव आला. त्याला ६० किलोवॉटहून अधिक वीज लागली असती आणि मंजूर भार वाढवून घ्यावा लागला असता. त्याऐवजी प्रत्येकी ताशी ३०,००० घनमीटर हवा देणारे दोन डक्ट कूलर, म्हणजे पाण्याने थंड केलेली हवा पत्र्याच्या नळातून (डक्टमधून) आत सोडणारे मोठे कूलर, आम्ही बसवले. प्रत्येकाच्या ब्लोअरला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याला, साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ११ किलोवॉट आणि वर छोटे पंप. आठ तासांच्या पाळीला ९० युनिटांच्या आसपास वीज लागते.

यंत्राचे तत्त्व विदर्भातल्या कोणालाही नवे नाही. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचे आणि वारा आत घ्यायचा, हेच काम इथे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार कागदी पॅड, पंप आणि ब्लोअर करतात. हवा किती थंड होईल हे वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर दिसणाऱ्या आकड्यावर ठरते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना आमच्याकडे हा आकडा २३ च्या जवळपास असतो. मधले अंतर २० अंशांचे, आणि चांगला पॅड त्यातले ८५ टक्के कापतो, म्हणून यंत्रातून २६ अंशांची हवा निघते. आमच्या डक्टच्या शेवटच्या ग्रिलपाशी, म्हणजे हवा बाहेर पडण्याच्या जाळीपाशी, मी २७ मोजले आहे. या बाबतीत यंत्राने सांगितलेले काम चोख केले.

तरीही पहिला उन्हाळा निराशेत गेला, आणि त्याचे कारण समजायला आम्हाला दीड महिना लागला. ग्रिलखाली उभे राहिले की थंड वाटे, पण चार पावले बाजूला गेले की अंग चिकट होई, कापड दमट लागे आणि शेडचे दार उघडताना आतून जोराचा दाब जाणवे. पुरवठादाराच्या माणसाने थंडावा टिकावा म्हणून खिडक्या बंद ठेवायला सांगितले होते. तो सल्ला पूर्णपणे चुकीचा होता. ही यंत्रणा एअर कंडिशनरप्रमाणे तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत नाही. ती सगळी हवा बाहेरून घेते, ओली करून आत सोडते, आणि ती हवा शेडमधली उष्णता घेऊन बाहेर पडली तरच नव्या हवेला जागा होते. ताशी ६०,००० घनमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ घनमीटर हवा. ती सेकंदाला अडीच मीटर वेगाने बाहेर जायची तर सुमारे ७ चौरस मीटर उघडी जागा हवी, आणि आमच्याकडे चार खिडक्यांच्या फटी मिळून २ चौरस मीटरसुद्धा नव्हती. हा हिशेब कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. ब्लोअर, पॅड, डक्टचे पत्रे, सगळ्यांचे माप होते. हवा जाणार कुठून, याबद्दल एक ओळ नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी ग्रिलांच्या समोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या, बसवून ती जागा मोकळी केली आणि पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग दिला. दोन्ही कामांचा खर्च यंत्रांच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. आता तासाला शेडमधली हवा जवळपास सत्तावीस वेळा बदलते. बाहेर ४३ अंश असताना शिवणयंत्रांपाशी ३० ते ३१ अंश आणि ५५ ते ६० टक्के आर्द्रता राहते, दोरा कमी तुटतो, आणि चक्कर येण्याची एकही तक्रार गेल्या हंगामात माझ्याकडे आली नाही. एअर कंडिशनरच्या २४ अंशांची अपेक्षा ठेवणाऱ्याला हे अपुरे वाटेल. ४२ अंशांत काम केलेल्यांना ते अपुरे वाटत नाही.

पाण्याचा विचार मात्र आधी करावा. भर उन्हात एक यंत्र तासाला सुमारे २५० लिटर पाणी नुसते बाष्पीभवनात संपवते, आणि टाकीतले क्षार वाढू नयेत म्हणून थोडे पाणी सतत काढून टाकावे लागते ते वेगळे. दोन्ही यंत्रांना मिळून आम्हाला दिवसाला पाच हजार लिटर लागतात. पहिल्या वर्षी आम्ही बोअरचे जड पाणी वापरले आणि ते काढून टाकण्याची तोटी बंद ठेवली. जूनपर्यंत पॅडवर पांढरा थर जमून हवेचा जोर उतरला. आता नळाचे पाणी वापरतो, तोटी बारीक उघडी असते, आणि रोज सुट्टीआधी अर्धा तास पंप बंद करून नुसता ब्लोअर चालवून पॅड कोरडे करतो. त्यामुळे शेवाळाचा वास येत नाही.

पाऊस सुरू झाला की या यंत्राकडून थंडाव्याची अपेक्षा ठेवू नये. जुलैत बाहेर ३२ अंश आणि वेट बल्ब २६ असला तर कापायला पाचच अंश उरतात आणि हवा ओलीचिंब होते; तेव्हा पंप बंद ठेवून आम्ही त्याचा वापर केवळ ताज्या हवेसाठी करतो. याच कारणाने मुंबई, तळोजा किंवा कोकणपट्टीत शेड असलेल्यांनी हे विकत घेण्याआधी आपल्याकडचा मे महिन्यातला वेट बल्ब अवश्य तपासावा, कारण तिथे ऐन उन्हाळ्यातही हवा अशी कोरडी नसते.

कटिंगच्या टेबलावर कापड उडत होते, ते ग्रिलच्या पट्ट्या वळवल्यावर थांबले. इस्त्रीचा कोपरा मात्र अजून सुटलेला नाही. सहा वाफेच्या इस्त्र्यांची उष्णता आणि वाफ तिथेच साठते, आणि कितीही थंड हवा तिकडे वळवली तरी तो कोपरा ३४ अंशांखाली येत नाही. तिथे टेबलांच्या वर हूड आणि स्वतंत्र एक्झॉस्ट पंखा लागेल, असे आता मोजमापांवरून स्पष्ट झाले आहे. त्याचे काम मार्च उजाडण्याआधी पूर्ण करायचे आहे.