बेळगावच्या दुकानदारानं कोणतं सोशल मीडिया टूल घ्यावं?

बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक दोन अंगांनी येतं. गडहिंग्लज-चंदगडकडचं मराठीत विचारतं, गोकाक-बैलहोंगलकडचं कन्नडमध्ये, आणि दोघांचाही पहिला प्रश्न रेटचाच. म्हणून पोस्ट किती झोकात शेड्यूल होते ते नंतर बघा. आलेल्या मेसेजला उत्तर कोण देणार ते आधी ठरवा.

एकच दुकान असेल तर मी सरळ मेटा बिझनेस सूट सांगेन, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचंच टूल. फुकट आहे, फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीच्या पोस्ट आधी लावून ठेवता येतात, दोन्हीकडचे मेसेज एकाच इनबॉक्समध्ये दिसतात. त्याहून मोठी सोय म्हणजे कामावरच्या पोराला पासवर्ड न देता पेजवर काम करायची परवानगी देता येते. पोरगा काम सोडून गेला की परवानगी काढून घ्यायची, विषय संपला. उणीव एकच, पण ती जाणवते: मेटाच्या बाहेर हे टूल जात नाही.

आता गूगल मॅप्सचं घ्या. कोल्हापूरहून लग्नाच्या साड्या घ्यायला निघालेलं कुटुंब दुकान उघडं आहे का, हे तिथंच बघतं. ती नोंदही एकाच जागेवरून सांभाळायची असेल तर बफर किंवा झोहो सोशल यांपैकी एक टूल घ्या. बफरच्या फुकट योजनेत तीन खाती जोडता येतात आणि प्रत्येक खात्याला एका वेळी दहा पोस्ट रांगेत राहतात. छोट्या दुकानाला तेवढं पुरतं. एकच फोटो घेऊन फेसबुकला मराठी-कन्नड दोन्ही मजकूर आणि इन्स्टाग्रामला आटोपशीर ओळ, असं वेगवेगळं लिहिता येतं. पैसे भरायची वेळ आली की मात्र हिशोब खात्यागणिक आणि डॉलरमध्ये. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात.

झोहो चेन्नईची कंपनी, त्यामुळे रुपयांत भरता येतं आणि जीएसटीचं बिल मिळतं. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे बिलातला कर आपल्या करातून वजा करता येतो; कंपोझिशनवाल्याला, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेतल्याला, नाही. बेळगावात एक आणि निपाणीत एक अशी दोन दुकानं असतील, दोन-तीन माणसं पोस्ट टाकत असतील, तरच हा खर्च करा.

हूटसूट या टूलचं नाव बरेच जण घेतात. त्याची फुकट योजना २०२३ मध्ये बंद झाली. ते एजन्सीवाल्यांसाठी ठीक.

यांतलं काहीही घ्या, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप लागणारच. सौदा शेवटी तिथंच ठरतो. त्यात कॅटलॉग लावा आणि क्विक रिप्लाय दोन करा, एक मराठी, एक कन्नड. तिरकी रेघ टाइप केली की तयार उत्तरं समोर येतात, गल्ल्यावर बसूनही पाठवता येतात. ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना पाठवायच्या सोयीवर, मात्र फार भिस्त ठेवू नका. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तेव्हा बिल देतानाच गिऱ्हाइकाला सांगायचं, "वहिनी, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की फोटो पाठवतो."