उन्हाळ्यात पळायचं कधी: पहाटे, संध्याकाळी की ट्रेडमिलवर?

उन्हाळा लागला की पळणाऱ्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पहाटे उठा आणि ऊन चढायच्या आत मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, पहाटे ह्युमिडिटी नव्वद टक्के असते, माणूस नुसता घामाने निथळतो, त्यापेक्षा संध्याकाळची कोरडी हवा बरी. दुसऱ्या तटाचा आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. निर्णय बहुतेक वेळा याच आकड्यापाशी अडतो, म्हणून आधी तोच बघू.

नव्वद टक्के कशाचे?

अ‍ॅपवरची ह्युमिडिटी, म्हणजेच सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे. हवा तापली की ही मर्यादा वाढते. त्यामुळे वाफ तितकीच राहिली तरी टक्का घसरतो. हवा थंड होत गेली की ज्या तापमानाला ती वाफेने पूर्ण भरते आणि दव पडायला लागतं, तो दवबिंदू. समजा तो २२ अंश आहे. पहाटे पारा २४ वर असेल तर अ‍ॅप जवळपास ९० टक्के आर्द्रता दाखवेल. तीच हवा संध्याकाळी पाचला ३६ अंशांवर गेली की आकडा ४५ च्या आसपास येतो. बघणाऱ्याला वाटतं हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात वाफ तेवढीच आहे.

घाम किती वेगाने वाळणार हे टक्क्यावर ठरत नाही. ओल्या त्वचेलगतची वाफ आणि हवेतली वाफ यांच्यात किती फरक आहे, त्यावर ते ठरतं. वरच्या उदाहरणात हा फरक दोन्ही वेळा जवळपास सारखाच निघतो. म्हणजे घाम वाळण्याच्या बाबतीत संध्याकाळ फारशी पुढे नाहीच. मग उरतं तापमान. पळताना त्वचा साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. २४ अंशांचा वारा अंगावरून गेला तर तो उष्णता घेऊन जातो, ३६ अंशांचा वारा उलट उष्णता देऊन जातो. त्यात तिरपं ऊन आणि दिवसभर तापलेल्या डांबराची खालून येणारी झळ. अ‍ॅपवरचं तापमान सावलीत मोजलेलं असतं, हेही विसरायचं नाही.

शरीराचं स्वतःचं तापमानही पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त. फरक साधारण अर्धा ते एक अंशाचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण धोक्याची रेषा ४० अंशांवर असताना सदतिसाच्या खालून सुरुवात करणं फायद्याचंच.

म्हणून माझं मत सरळ आहे: हवा तीच असेल तर पहाट जिंकते. चिकचिक जास्त वाटेल, टी-शर्ट अंगाला चिकटेल, पण शरीरावरचा भार कमीच असेल. अ‍ॅपमध्ये ह्युमिडिटी बघणं सोडा आणि दवबिंदू बघा. तो १५ च्या खाली असेल तर घाम छान वाळतो. २० च्या पुढे गेला की वेग कमी करायचा. २४ च्या पुढे असेल तर त्या दिवशी इंटरव्हल (थांबून थांबून जोरात पळणं) वगैरे विसरा, रमतगमत पळा नाहीतर चाला.

ऊन नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. २०१९ साली दोहाच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उष्णतेपायी मध्यरात्री घेतली. पारा तेव्हाही तिशीच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांहून जास्त होती. ६८ जणी धावायला उभ्या राहिल्या, शर्यत पूर्ण केली ४० जणींनी. या सगळ्या जगातल्या निवडक धावपटू होत्या, हौशी नव्हेत.

संध्याकाळ कोणासाठी?

तरीही संध्याकाळ बाद नाही. रात्री साडेबाराला झोपून चारला उठणाऱ्याला मी पहाटेचा आग्रह करणार नाही. अपुरी झोप हे स्वतःच उष्णतेचा त्रास वाढवणारं कारण आहे, आणि अर्धवट झोपेत रोज उठणारा माणूस फार दिवस पळत नाही हा भाग वेगळाच. अशा माणसाने संध्याकाळ घ्यावी, पण सूर्य मावळल्यावर तासाभराने. पाच-साडेपाचची वेळ ही संध्याकाळ नव्हेच, ती लांबलेली दुपार आहे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट किंवा झाडीचा भाग निवडावा. दमा असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जमिनीलगतचा ओझोन ऊन आणि वाहनांच्या धुरातून तयार होतो आणि दुपारपासून संध्याकाळच्या सुरुवातीपर्यंत तो जास्त असतो.

अंधारातलं पळणं दोन्हीकडे आहेच. चमकणारी पट्टी आणि छोटा दिवा लागतोच.

ट्रेडमिल: सोय आणि तिची किंमत

पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भागाची उष्णता होते. ६० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरने पळाला तर तासाला साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे साडेचारशेच्या वर उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. अट आहे ती वाळण्याची. जो घाम कोपरावरून टपकून पट्ट्यावर पडला, तो उष्णता न घेता गेला.

इथेच ट्रेडमिल फसवते. बाहेर पळताना तुमच्या वेगामुळेच अंगावर वारा येतो, मशीनवर तुम्ही जागच्या जागी असता. बंद खोलीत पंख्याशिवाय ट्रेडमिलवर पळणं हे कित्येकदा पहाटेच्या रस्त्यापेक्षा जास्त गरम पडतं. मोठा पंखा समोर हवा, निदान खोली थंड हवी. हे असेल तर टेम्पो (सलग जोराच्या वेगाने पळणं) आणि इंटरव्हल मशीनवर हलवणं हा माझ्या मते उन्हाळ्यातला सर्वांत शहाणा बदल आहे. जोर लावून पळण्यातच जास्त उष्णता तयार होते, आणि मॅरेथॉनच करायला हवी असं नाही, छोट्या अंतरातही उष्माघात होतो.

मात्र सगळंच पळणं एसीत नेलंत तर शरीराला उष्णतेची सवय होत नाही. ही सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. काही आठवडे खंड पडला की हे ओसरतं. उन्हाळ्यातली एखादी शर्यत डोळ्यासमोर असेल तर निवांत रन बाहेरच ठेवा आणि पहिल्या आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही कमी करा.

घड्याळ की श्वास?

यात फार तुलना करण्यासारखं नाही. गरमीत रक्त त्वचेकडेही पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच पेसला, म्हणजे पळण्याच्या वेगाला, हार्ट रेट वर जातो. थंडीतला पेस धरून बसणारा माणूस त्याच पेसला जास्त मेहनत करत असतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक, तुटक शब्द यायला लागले की चाला.

पाणी की मीठ-साखरेचं पाणी?

तासाभराच्या आतलं पळणं असेल तर साधं पाणी, तहान लागेल तसं. त्याहून लांब असेल आणि टोपीवर मिठाचे पांढरे डाग उठत असतील तर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी घ्या. किती प्यायचं याचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर येतो. पळण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत, घाम पुसून वजन करा. वजन एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर द्रव गेला. आणि वजन वाढलेलं दिसलं तर? तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात, आणि ते कमी पिण्याइतकंच घातक ठरू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, सामान्य पातळीच्या खाली आलं होतं. पळताना ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात हे प्रमाण ठळक होतं. मिठाच्या गोळ्या खाऊन हे टळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही लक्षणं पाणी कमी पडल्याची समजून वर आणखी पाणी पाजलं जातं, तेव्हा गंमत राहत नाही.

थकवा की उष्माघात?

ही तुलना मात्र पाठ असावी. उष्णतेच्या थकव्यात चक्कर, मळमळ, अशक्तपणा असतो, पण माणूस नीट उत्तर देतो. सावलीत झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, घोट घोट पाणी द्या. बहुतेक वेळा तासाभरात तरतरी येते.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जातं आणि मेंदू गडबडतो: भलतंच बोलणं, चिडणं, झोकांड्या खाणं, बेशुद्ध पडणं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज धोकादायक आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग बहुधा घामाने भिजलेलंच असतं. तारीख, रस्त्याचं नाव असे साधे प्रश्न विचारा. उत्तर चुकलं की वाट बघू नका.

अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्याचं टब मिळालं तर मानेपर्यंत आत, डोकं पाण्याबाहेर धरून. नाहीतर गार पाण्याचा पाइप, बादल्या, ओल्या चादरी, पंखा, जे हाताशी असेल ते, आणि एकीकडे अँब्युलन्सला फोन. अमेरिकेतल्या फॅल्मथच्या रस्त्यावरच्या शर्यतीत, जिचं अंतर जेमतेम ११ किलोमीटर आहे, १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागीच बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं आणि सगळे वाचले. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.

शेवटची गोष्ट वेळ निवडण्याच्याही आधीची आहे. ताप, जुलाब, आदल्या रात्रीची दारू यातलं काहीही असेल तर पहाट, संध्याकाळ, मशीन तिन्ही बाद. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, अ‍ॅलर्जीच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी घाम किंवा उष्णता टाकण्याची क्षमता कमी होते. त्या चालू असतील तर उन्हाळा लागायच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या.