दोन वापरलेल्या मोटरबोटी, आणि आम्ही घेतलेली एक

कुटुंबासह पाण्यावर फिरण्यासाठी आम्ही दोन वापरलेल्या मोटरबोटी पाहिल्या. दोन्ही १९ फुटी, फायबरग्लासच्या आणि जवळपास एकाच वयाच्या, फरक एवढाच की एकीचे इंजिन आत बसवलेले होते आणि दुसरीला मागे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेले इंजिन, होते. पहिली फारच देखणी होती, तिच्या गाद्यांवर ओरखडाही नव्हता. मात्र तिच्या मागच्या भिंतीवर हातोडीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकत गेलो, तेव्हा एका कोपऱ्यात खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, म्हणजे फायबरग्लासच्या आतले लाकूड पाणी पिऊन कुजू लागल्याची दाट शक्यता होती. शिवाय गिअरचे तेल दुधाळ निघाले, जी सीलमधून पाणी शिरल्याची खूण असते. दुसरीच्या गाद्या उन्हाने विटलेल्या होत्या, पण इंजिन अगदी थंड असतानाही पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळपास सारखे भरले, म्हणजे इंजिन आतून ठीक असल्याची खूण मिळाली. (मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर मी ती पाहणी पाहणीच मानत नाही.) आउटबोर्ड वर उचलता येत असल्याने उथळ काठाशी बोट लावणे सोपे जाते, आणि मुले सोबत असताना हे फार मोलाचे वाटते. आम्ही दुसरी घेतली. गाद्यांची कापडे नंतर बदलून घेतली.